लाल दोऱ्याची टीप

परटवणे, रत्नागिरी
६ जानेवारी २०२५

आरोही,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, तोवर राग उतरला तर.

"शांत पिल्लू आहे मावशी, एका कोपऱ्यात पडून राहील," असं म्हणून तू ती टोपली माझ्या हातात दिलीस आणि पनवेलच्या गाडीत बसलीस. नवी नोकरी तुझी, आणि निस्तरायचं मी. नऊ दिवस झाले. एवढ्यात तुझ्या शांत पिल्लाने यांच्या चपलेचा अंगठा खाल्ला, अबोलीची दोन रोपं मुळासकट उपटली आणि दुधाची पिशवी घरभर ओढत नेली. मुततं कुठेही. मला डाव्या कानाने जेमतेम ऐकू येतं, उजवा तर गेलाच, हे तुला माहीत आहे. ते रडतं की भुंकतं ते मला कळत नाही. पाय ओला झाला की कळतं.

झोपते तेव्हा शेपटीत तोंड खुपसून सुकवलेल्या करंदीसारखी, त्या बारक्या कोळंबीसारखी एवढीशी होते म्हणून मी तिला करंदी म्हणते. अंगावर केस नाहीत, सगळी खपली. तू दिलेलं मलम लावते आहे.

एवढं सगळं मी सोसलं असतं. पण ही यांना घाबरते. हे नुसते पायरीवर आले तरी जागच्या जागी मुतते, मग बाहेरच्या जिन्याखाली जाऊन बसते, आणि मला ओणवं होऊन तिला ओढून काढावं लागतं. दूधवाल्याला घाबरत नाही, मीटर बघायला आलेल्या माणसाचा तर हात चाटला. आणि यांना घाबरते! तुझ्या काकांना तू ओळखतेस. तीन वर्षं त्यांच्या स्कूटरवर बसून कॉलेजला गेलीस. छत्तीस वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवलेला नाही. त्यांचा असा अपमान त्यांच्याच घरात मला बघवत नाही.  काल हे म्हणाले, "परत देऊन टाक, कमळा. तिला इथे नाय रुचत."

तेव्हा तिला कुठे नेऊन ठेवायचं ते ताबडतोब कळव. फोन करू नकोस, मला ऐकू येत नाही आणि फोन यांच्या खिशात असतो. पत्रच पाठव.

तुझी मावशी


पनवेल
१२ जानेवारी २०२५

मावशी,

नमस्कार करते आणि भांडायला बसते.

परत दे म्हणजे काय? ती शेजारून आणलेली परात आहे का? नऊ दिवस! नऊ दिवसांत मला तुझ्या घरात न्हाणीघर कुठल्या बाजूला हे धड कळलं नव्हतं, आणि मी एकोणीस वर्षांची होते. तिला सगळं मिळून अडीच-तीन महिने झालेत. दर दोन तासांनी उचलून अंगणात एकाच जागी ने, तिथे केलं की शाबासकी दे, घरात केलं तर गप्प पुसून टाक. ओरडलीस तर ती लपून करायला शिकेल, बाकी काही शिकणार नाही. चपला वर ठेव. चावायला सुकी करवंटी दे. आणि जिन्याखालून ओढून काढू नकोस, तिला तिथे बरं वाटतं तर तिथेच तिचं फडकं घाल.

काकांना सांग, तिच्याकडे बघू नका. जमिनीवर पाठ करून बसा, बाजूला भाकरीचा तुकडा ठेवा, आणि पेपर वाचा. ती येईल. तिला माणसांची भीती का आहे, ते मी तुला सांगितलं नव्हतं, कारण तू आधीच तुझ्या दारातल्या तांबी कुत्रीची पिल्लं गेली म्हणून जेवत नव्हतीस. आता तूच तिला घराबाहेर काढायला निघाली आहेस, तर ऐक.

नऊ नोव्हेंबरला सकाळी मी पहिल्या पाळीला जात होते. मिरजोळ्याला आमच्या कंपनीच्या मागे, जांभ्याची जुनी खाण आहे त्या वळणावर एक गोण पडली होती. तोंड बांधलेलं. मला वाटलं कचरा, पण गोण हलली. आत पाच पिल्लं होती, मावशी. चार मेलेली. पाचवी त्या चौघांच्या खाली होती. तिचं अंग भावंडांच्या घाणीने भिजून सडलं होतं, म्हणून तिला केस नाहीत.

मी त्या दिवशी कामावर गेले नाही. पोलिसांत तक्रार दिली, 'अज्ञात इसम' म्हणून नोंद झाली आहे. गोण मी टाकून दिलेली नाही. ती माझ्या खोलीवर आहे, म्हणजे आता माझ्याबरोबर राहायची त्या मनस्वीकडे. मला तो माणूस सापडायला हवा. सापडला ना, तर मी त्याला त्याच खाणीजवळ उभा करून विचारीन, गाठ मारताना आतून आवाज येत होता ना रे?

करंदी नाव चांगलं आहे. पण परत द्यायची भाषा पुन्हा करू नकोस.

आरोही


परटवणे
२२ जानेवारी

आरोही,

तुझं पत्र मी यांना जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. अर्ध्यावर मला रडू आलं, पण मी पुरतं वाचलं. हे ताटावरून उठले. आमटी-भात तसाच. हात धुऊन बाहेर गेले ते संध्याकाळी परत आले. इतकं लागलं त्यांच्या मनाला. मी उगाच वाचलं असं झालं मला.

माझा तुझ्यावरचा राग संपला, दुसऱ्या ठिकाणी गेला. कोण असेल गो तो मेला? घरी त्याला बायकोपोरं असतील ना? त्या दिवशी घरी जाऊन जेवला असेल. माझ्या तोंडून जे जे आलं ते लिहीत नाही. तू त्याला शोध, आणि सापडला की मलाही बोलाव. मला ऐकू येत नसलं तरी बोलता येतं.

आता करंदीचं. तू सांगितलंस तसं करते आहे. आठ दिवसांत घरातलं मुतणं निम्म्यावर आलं. अंगणात पपईच्या बुंध्याशी जाते, केलं की माझ्याकडे बघते. मानेवर तांबूस लव आली आहे. माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपते. ती भुंकते तेव्हा मला घशापाशी हात लावला की समजतं.

पण यांच्याकडे काही जात नाही. मी त्यांना म्हटलं, "अहो, आरोही म्हणते तसं पाठ करून बसा ना." बसले दोन दिवस. भाकरी तशीच मुंग्यांनी खाल्ली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मला नको सांगू हे." आणि एक गंमत. तांबी, जिची पिल्लं मी तुझ्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला देवरूखला गेले होते तेव्हा नाहीशी झाली, ती परवा फाटकातून आत आली. मी काठी घेऊन धावले, मला वाटलं करंदीला फाडते. तर तांबीने करंदीला पाडलं आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटलं. करंदी उताणी, पाय वर. शेजारच्या सोनूबाई दगडी गडग्यावरून बघत होत्या, मोठ्याने ओरडल्या, "अगो कमळे, ती तिचीच पोर हाय! दुसऱ्याच्या पोराला कुत्री असं करणार नाय." मी हसले. म्हटलं, तांबी पिल्लं घेऊन दुसरीकडे गेली होती, हे म्हणाले होते तसं. आईच्या जातीला कुणाचंही पोर चालत असेल.

तांदळाची गोण हलवली की करंदी जमिनीला चिकटते, थरथरते. ते आता मला कळलं. तांदूळ डब्यात काढून ठेवला आहे.

आशीर्वाद. मागच्या पत्रातलाही धर.

मावशी


पनवेल
२९ जानेवारी

मावशी,

तू करंदीला ठेवून घेतलीस, हे वाचून कामावर चार जणांना सांगत सुटले.

त्या गोणीचं सांगते. काल मनस्वीचा फोन आला, पोलिसांनी पुन्हा विचारलं, काही खूण आहे का. मी तिला गोण उलगडून नीट बघायला सांगितलं. पांढरी तांदळाची गोण, छाप पुसलेला. तोंड निळ्या दोरीने बांधलेलं, तशी दोरी बंदरावर ढिगाने मिळते. पण खालचा एक कोपरा फाटला होता आणि तो कोणीतरी लाल जाड दोऱ्याने शिवला आहे. साधं शिवणं नाही, उलटी टीप, एकसारखी, शेवटी दुहेरी गाठ. मनस्वी म्हणाली, माझ्या आजीला असं जमणार नाही.

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. मी इतके दिवस पुरुष डोळ्यांसमोर आणत होते. ही बाई आहे, मावशी. एवढ्या निगुतीने कोपरा शिवणारी बाई. तांदळाचा एक दाणा सांडू नये म्हणून जिने टीप घातली, तिने त्याच गोणीत पाच जीव कोंबले. पुरुषाचा आला नव्हता इतका राग मला तिचा आला आहे. तिची बोटं डोळ्यांपुढून जात नाहीत.

तुला एवढ्यासाठी लिहिते, की तू एवढी वर्षं गोधड्या शिवतेस. अशी टीप रत्नागिरीत कोणत्या बाजूच्या बायका घालतात, काही सांगता येईल का?

आरोही


परटवणे
४ फेब्रुवारी

आरोही,

मनस्वीचा खोली नंबर कळव. ती गोण मी स्वतः बघणार आहे. तोवर पोलिसांकडे काही बोलू नकोस आणि मला काही विचारू नकोस.

क.


पनवेल
८ फेब्रुवारी

मावशी,

नंबर सात, पाण्याच्या टाकीजवळची चाळ. मनस्वी रविवारी घरी असते.

पण विचारू नकोस म्हणजे? तुला ती बाई कोण ते कळलं आहे, हो ना? सोनूबाई? त्यांना कुत्री आवडत नाहीत, मी तिथे राहत होते तेव्हा तांबीवर गरम पाणी टाकायला निघाल्या होत्या. शेजारधर्म म्हणून तू त्यांना पाठीशी घालणार असशील तर आत्ताच सांगते, मी ऐकणार नाही. आपल्याकडे हेच चालतं. बाहेरच्याने केलं की फाशी द्या, ओळखीच्याने केलं की जाऊ दे. चार पिल्लं मी माझ्या हाताने पुरली आहेत. तू नव्हतीस तिथे.

मी वाट बघते आहे.

आरोही


परटवणे
१८ फेब्रुवारी

आरोही,

सोनूबाईंचं नाव घेतलंस त्याबद्दल मनातल्या मनात त्यांची क्षमा माग. आणि ज्या बाईच्या बोटांचा तुला राग आला, ती मी आहे. कोपरा मी शिवला. गेल्या श्रावणात, गोधडीच्या उरलेल्या दोऱ्याने. गोण आमच्या माळ्यावर होती.

तुझं पत्र वाचल्यावर मी आधी माळा बघितला. मग रविवारी रिक्षाने मिरजोळ्याला गेले. मनस्वीने गोण माझ्यापुढे ठेवली. हात लावायची गरज नव्हती, तरी लावला. तिच्याकडून कात्री घेतली, कोपरा कापला आणि घरी आणला. बाकीची गोण तिच्याकडेच आहे, पुराव्याला.

हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मी तो तुकडा चहाच्या कपाशेजारी ठेवला. त्यांनी बघितलं. पेपर खाली ठेवला नाही.

मी म्हटलं, "माझ्या डाव्या बाजूला या आणि मोठ्याने बोला. एकही शब्द मला चुकायला नको."

ते आले. म्हणाले, "मला वाटलं, कंपनीत येणारंजाणारं कोणीतरी उचलेल."

"तोंड बांधून?"

"स्कूटरवरून पडली असती, म्हणून बांधलं."

"तिथे गेल्यावर का नाही सोडलं?"

त्यांनी तो तुकडा उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "सोडलं असतं तर माझ्या मागून आली असती, कमळा. ओळखत होती मला."

आरोही, मी तो तुकडा उचलून माझ्याकडे घेतला.

मग ते बोलत सुटले. इतकं मी त्यांना कधी बोलताना पाहिलं नव्हतं. "तुला ऐकू येत नाय. मी महिनाभर ऐकलं. रात्रंदिवस कुई कुई. सोनूबाई रोज भांडायला यायची, तिचा जावई दारात येऊन बोलून गेला. तुला सांगून काय उपयोग होता? तू अजून चार आणली असतीस. तू देवरूखला गेलीस, म्हटलं आता उरकून टाकू, तुला त्रास नको."

मला त्रास नको! चार वर्षांपूर्वी कान गेला तेव्हापासून हेच ऐकते आहे. घराला रंग कुठला, तुझ्या आईच्या ऑपरेशनला कधी जायचं, कोण दारात येऊन काय बोललं, सगळं ठरवून झालं की मला खुणेने सांगायचं. कानाचं मशीन घेऊ म्हटलं तर, "कशाला, मी आहे ना." कान गेला, अक्कल नाही गेली माझी. मला ऐकू येत नाही, याच्या आडोशाने या माणसाने माझ्या जिन्याखालून पाच जीव उचलले आणि मी परत आल्यावर मला म्हणाला, तांबी घेऊन गेली. आणि मी त्याच्यासाठी थालीपीठ लावलं. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं, आणि तो जेवला नाही तर मलाच वाईट वाटलं.

मी म्हटलं, "उठा. जागा दाखवा." रिक्षात मध्ये पिशवी ठेवून आम्ही दोघं गेलो. खाणीच्या वळणावर उतरलो. त्यांनी बोट केलं. तिथे आता घाणेरीची झुडपं आहेत, आणि पलीकडे तू रचलेले जांभ्याचे दगड. ते दगडांकडे गेले नाहीत. मी गेले.

आता माझा बिछाना आतल्या खोलीत आहे, करंदी माझ्याजवळ. मी त्यांना दोन वेळा वाढते. बोलत नाही.

तुला सगळं लिहिलं आहे, नावासकट. श्री. गंगाराम बेंद्रे, तुझे काका. पोलिसांना सांगायचं की नाही ते तू ठरव. तुला काय वाटेल ते कर, मी मध्ये येणार नाही.

मावशी


पनवेल
२४ फेब्रुवारी

मावशी,

तीन दिवस पत्र पर्समध्ये घेऊन फिरले.

मी नाव दिलं. शनिवारी रजा घेऊन रत्नागिरीला आले होते, तुझ्याकडे आले नाही. पोलीस चौकीतले साहेब म्हणाले, "तुमचे कोण लागतात?" मी म्हटलं, काका. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, काका. तीन वर्षं ज्यांच्या मागे बसून कॉलेजला गेले, ते. बहुतेक त्याच स्कूटरवर ती गोण ठेवली असेल, पायांच्या मध्ये. त्याच जागी माझी बॅग असायची.

आई देवरूखहून फोनवर रडते आहे. म्हणते, घरातली गोष्ट तू चावडीवर नेलीस. बोलू दे.

पण मला तुझाही राग आला आहे, आणि तो मी लपवणार नाही. "तुला काय वाटेल ते कर, मी मध्ये येणार नाही." तू मध्येच आहेस, मावशी! गोण तुझी, टीप तुझी, नवरा तुझा. आणि ठरवायचं मी? काका तुला न विचारता ठरवत आले म्हणून तू चिडलीस, आणि ठरवायची वेळ आली तेव्हा ते माझ्या डोक्यावर टाकून मोकळी झालीस. माझी सही झाली आहे. गोण कुठून आली हे सांगणारी दुसरी सही लागेल. ती करायची की नाही, ते मला विचारू नकोस.

करंदीला मी घेऊन जाणार. त्या माणसाबरोबर एका छपराखाली ती राहायला नको. इथे खोली बघते आहे.

आरोही


परटवणे
२७ मार्च २०२५

आरोही,

करंदीला तू नेणार नाहीस. ती या घरच्या जिन्याखाली जन्मली. जायचंच असेल तर दुसऱ्या कोणी जावं, हे मी त्यांना लिहून दाखवलं होतं. ते गेले नाहीत.

तुझं म्हणणं खरं होतं. दोन दिवस तुला मनातून शिव्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी साडी बदलून चौकीवर गेले. साहेबांना सांगितलं, मोठ्याने बोला. त्यांनी विचारलं, गोण ओळखता? मी म्हटलं, गोण माझी, टीप माझी, नेली माझ्या नवऱ्याने. त्यांनी मला वाचायला दिलं, मी प्रत्येक ओळ वाचली आणि सही केली. दुसऱ्या दिवशी यांना बोलावलं. मला वाटलं नाकारतील. मनस्वी बाहेर उभी होती, तिने सांगितलं, पहिल्याच प्रश्नाला हो म्हणाले. आता तारीख पडेल तेव्हा पडेल.

आळीत कळलं आहे. काही बायका माझ्याशीच बोलत नाहीत, नवऱ्याला चौकीवर पोचवलं म्हणून. तुझ्या आईने मला पाडव्याला येऊ नको म्हणून कळवलं. सोनूबाई मात्र फाटकात आल्या, तोंड पाडून म्हणाल्या, "मी भांडत होते गो, पण मी असं करायला सांगितलं नव्हतं." मी त्यांना आत बोलावलं नाही, आणि हाकललंही नाही.

आता चार दिवसांपूर्वीचं सांगते. तांबीच्या मागे पुन्हा कुत्रे लागायला लागले. म्हणजे पुन्हा पिल्लं, पुन्हा तेच. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पकडून आणा, ऑपरेशन करून देतो. मी यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. सव्वा महिन्यात पहिल्यांदा तोंडाने बोलले. म्हटलं, "तांबीला तुम्ही पकडायचं. दुसऱ्या कोणी नाही."

त्यांनी सदरा काढून ठेवला, बनियनवर अंगणात गेले. मनस्वी पिंजरा घेऊन आली होती. तांबी वर्षानुवर्षं यांच्या हातचं बिस्किट खायची, पण नोव्हेंबरपासून त्यांच्या पाच हात लांबून जाते. ते हळूहळू गेले, खाली बसले, मानेला धरलं. तिने मनगटाखाली कडकडून चावा घेतला. सोडेना. मनस्वी ओरडत होती, मला तिचं तोंड दिसत होतं. यांनी हात ओढला नाही. तसेच उचलून तिला पिंजऱ्यात ठेवलं, मग तिने सोडलं. कोपरापर्यंत रक्त. करंदी जिन्याखालून सगळं बघत होती.

तांबीचं नीट झालं. यांना टाके पडले, इंजेक्शनं चालू आहेत, अजून तीन आहेत. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुत्रं कोणाचं? हे म्हणाले, "आमचं." मला ऐकू आलं नाही. कागदावर वाचलं.

त्यांच्याकडून मी कानाच्या मशीनचं कबूल करून घेतलं. सोमवारी कान तपासायला जाते आहे, एकटी.

तू विचारशील, राग गेला का. नाही गेला. जेवताना त्यांच्याकडे बघितलं की ते वाक्य आठवतं, ओळखत होती मला, आणि मी ताट घेऊन आत जाते. परवा त्यांनी डाव्या हाताने पाटीवर लिहून विचारलं, असं किती दिवस चालणार. मी पुसून टाकलं. मला माहीत असतं तर लिहिलं असतं.

पण त्यांचा उजवा हात जायबंदी आहे, डाव्याने त्यांना पट्टी बांधता येत नाही. म्हणून सकाळी मी गरम पाणी करते, ते हात पुढे करतात, मी जखम धुते आणि घट्ट बांधते. त्यांना दुखतं, ते मला दिसतं. मी हळू करत नाही. आणि दुसऱ्या कोणाला करूही देत नाही.

तुझ्या आईला विचारायचं असेल की कमळाचं घर मोडलं की टिकलं, तर तिला एवढंच सांग.

सुट्टी मिळाली की ये. माझ्याकडे ये, आणि आल्यावर त्यांच्याशी बोलायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

मावशी